मोटारीचे धक्के आणि ग्लिसरीनची बाटली

आपल्या सोसायटीच्या गेटबाहेर जो स्पीडब्रेकर आहे, तिथे कधी वेळ मिळाला तर पाच मिनिटं उभे राहून पाहा. चांगल्या अवस्थेतली गाडी त्यावरून जाते, एकदा वर उचलते, खाली बसते आणि गप्प होते. एखादा जुना टेम्पो मात्र पुढच्या किराणा दुकानापर्यंत नाचत जातो. स्प्रिंगा दोघांनाही आहेत. फरक आहे तो स्प्रिंगशेजारी बसवलेल्या तेलाच्या एका नळकांड्याचा. पुस्तकात त्याला शॉक ॲब्सॉर्बर म्हणतात, गॅरेजमध्ये नुसतं ‘शॉकप’. संपादक मंडळाने "बँकेच्या आठवणी नकोत, दुसरं काहीतरी द्या" असा प्रेमळ दम भरल्यामुळे मी हा विषय निवडला आहे. निवृत्तीनंतर जुन्या मोटारींची पुस्तकं वाचायचा नाद लागला. त्यात इंजिनाबद्दल पानंच्या पानं असतात आणि या बिचाऱ्या शॉकपबद्दल दोन ओळी. वास्तविक त्याची कहाणी फार रंजक आहे.

आधी नावाचा घोटाळा दूर करतो. धक्का सोसण्याचं काम शॉक ॲब्सॉर्बर करतच नाही, ते काम स्प्रिंगचं. चाक खड्ड्यात गेलं की स्प्रिंग दबते आणि धक्का पोटात घेते. पण घेतलेलं सगळं ती लगेच परत करते. बँकेला असा कर्जदार फार आवडतो, गाडीत बसलेल्याला मात्र ही परतफेड नको असते. स्प्रिंग उसळते, पुन्हा दबते, पुन्हा उसळते. तिची ही उसळी मारून टाकणं, म्हणजे त्या हालचालीतली ताकद उष्णतेत बदलून हवेत सोडून देणं, एवढंच या शॉकपचं काम आहे. इंग्रज लोक त्याला ‘डँपर’ म्हणतात, तेच नाव खरं.

घोडागाडीला त्याची गरज नव्हती. लंडनच्या ओबादाया इलियटने १८०४ मध्ये बग्गीसाठी कमानदार पाट्यांच्या स्प्रिंगचं पेटंट घेतलं. एकावर एक रचलेले पोलादी पाटे वाकताना एकमेकांवर घासतात आणि त्या घासण्यातच बरीचशी उसळी जिरते. घोड्याच्या दुडक्या चालीला तेवढं पुरत होतं. पहिल्या मोटारी बनवणाऱ्यांनी बग्गीचेच पाटे उचलून मोटारीला लावले. पण मोटार ताशी तीस-चाळीस मैल धावू लागली तशी खाली कच्चा रस्ता आणि वर उसळणारी गाडी अशी अवस्था झाली. चाक जमिनीवरून उचललं गेलं की त्या क्षणापुरता ना ब्रेक लागतो ना स्टिअरिंग ऐकतं. म्हणजे प्रश्न नुसत्या अंगदुखीचा नव्हता, जिवाचा होता.

पहिला उपाय फ्रान्समधून आला. त्रुफो नावाच्या एका फ्रेंच माणसाने एकोणिसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस घर्षणाचं एक साधं यंत्र तयार केलं. कात्रीसारखे दोन दांडे, एक चौकटीला आणि एक ॲक्सलला बांधलेला. जिथे ते जुळतात तिथे चकत्या एकमेकींवर दाबून धरलेल्या आणि मधोमध एक नट. चाक हललं की कात्री उघडझाप करते आणि चकत्या घासतात. अमेरिकेच्या एडवर्ड हार्टफर्डने हे हेरलं आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ‘त्रुफो-हार्टफर्ड’ या नावाने ते अमेरिकेत विकायला सुरुवात केली. निगा राखायची म्हणजे काय, तर सैल झालं की पान्याने नट पिळायचा, झिजलं की चकत्या बदलायच्या. शर्यतवाल्यांना ते इतकं सोयीचं वाटलं की तेलाचे शॉकप आल्यावरही १९३० च्या दशकापर्यंत कित्येक शर्यतीच्या गाड्यांवर ही कात्री दिसत होती.

यात एक मूळचीच खोट होती. कोरड्या घर्षणाचा विरोध हालचाल मंद असो की जोरात, जवळजवळ सारखाच राहतो. उलट हालचाल सुरू व्हायच्या क्षणी तो जास्त असतो. म्हणजे बारीक खडीवर, जिथे चाकाने मोकळं हलावं, तिथे हे यंत्र चाक अडवून धरणार आणि मोठ्या खड्ड्यात, जिथे रोखायला हवं, तिथे कमी पडणार. आपल्याला हवं असतं नेमकं त्याच्या उलट.

याच सुमारास क्लीव्हलंडच्या क्लॉड फॉस्टरने ‘गॅब्रिएल स्नबर’ काढला. त्यात एक पट्टा गुंडाळलेला असे. गाडी खाली बसताना पट्टा मोकळा, वर उसळताना मात्र ताणून धरणारा. एकाच दिशेने काम करणारं, स्वस्त आणि कोणालाही बसवता येणारं. फॉस्टरने त्यात भरपूर पैसा मिळवला. विषयांतर होतंय, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. या गृहस्थाने १९५२ मध्ये गावातल्या संस्थांच्या प्रतिनिधींना जेवायला बोलावलं आणि जेवणानंतर आपली सुमारे ४० लाख डॉलरची पुंजी त्यांच्यात वाटून टाकली.

आता तेलाकडे वळू. आपल्या सोसायटीच्या ऑफिसच्या दाराला वरच्या बाजूला डोअर क्लोजर आहे. दार हलक्या हाताने ढकला, हलकं जातं. जोरात लोटा, त्याच प्रमाणात अंगावर येतं. आत तेल भरलेलं आहे आणि ते एका बारीक वाटेने इकडून तिकडे जातं. बारीक भोकातून तेल हळू ढकललं तर विरोध थोडा, पण वेग दुप्पट केला तर विरोध दुपटीने न वाढता साधारण चौपट होतो. बाजूचा छोटा स्क्रू पिळला की वाट आणखी अरुंद होते. मोटारीला हवा होता तो गुण हाच.

फ्रान्सच्या मॉरिस उडाय यांनी १९०८ च्या सुमारास हे तत्त्व मोटारीच्या शॉकपमध्ये उतरवलं. स्पेलिंगप्रमाणे आपण त्याला ‘हुडाइल’ म्हणू, कारण अमेरिकेत ते तसंच रूढ झालं. न्यूयॉर्क राज्यातल्या बफलो गावच्या हूड इंजिनिअरिंग कंपनीने त्याचे अमेरिकेतले हक्क घेतले. पहिली बरीच वर्षं ही चैनीची चीज होती, महागड्या गाड्यांच्या मालकांसाठी. बँकवाल्यांसाठी आणखी एक गंमत. याच घराण्यातून वाढलेली हुडाइल इंडस्ट्रीज ही कंपनी १९७९ मध्ये कर्ज काढून ३५ कोटी डॉलरहून अधिक किमतीला विकत घेतली गेली आणि कर्जावर कंपन्या विकत घेण्याच्या पुढच्या लाटेचा तो नमुना ठरला. शॉकपच्या नावाने इतका मोठा धक्का दिला गेल्याचं दुसरं उदाहरण नसावं.

हे यंत्र सामान्य माणसाच्या दारात नेलं ते हेन्री फोर्डने. त्याच्या जुन्या मॉडेल टी गाडीला शॉकप नव्हतेच. पुढे एक आणि मागे एक असा आडवा पाटा, बस्स. डिसेंबर १९२७ मध्ये त्याने नवं मॉडेल ए बाजारात आणलं. त्याच्या टुडर गाडीची किंमत होती ४९५ डॉलर. एका-एका बोल्टच्या पैशाचा हिशेब करणाऱ्या या माणसाने तेवढ्या किमतीत चारही चाकांना हुडाइलचे दोन्ही दिशांनी काम करणारे तेलाचे शॉकप दिले, वर पैसे न घेता. १९३१ पर्यंत अशा सुमारे ४८ लाख गाड्या निघाल्या. म्हणजे दोन कोटींच्या आसपास शॉकप शेतकरी, फिरते विक्रेते, डॉक्टर, शाळामास्तर यांच्या हातात पडले. तेलाच्या शॉकपची खरी परीक्षा इथे सुरू झाली, कारण आतापर्यंत त्याची देखभाल करायला पगारी शोफर होता.

आतली रचना अशी. वाटीच्या आकाराचं बिडाचं जाड घर चौकटीला बोल्टने पक्कं केलेलं. आत गोल खोली आणि तिचे भाग पाडणारी पक्की भिंत. मधोमध एक दांडा, त्याला पंख. दांड्याच्या बाहेरच्या टोकाला आडवा हात, हाताला कडी, कडीचं दुसरं टोक ॲक्सलकडे. चाक वर गेलं की हात वर जातो, दांडा फिरतो, पंख आतला द्रव एका बाजूने दुसऱ्या बाजूला ढकलतात आणि द्रवाला बारीक झडपेतून वाट काढावी लागते. ही झडप सुईच्या आकाराची, बाहेरून थोडी आत-बाहेर फिरवता येणारी. शिवाय द्रव कमी झाला तर भर घालायला एक राखीव कप्पा आणि त्यावर बूच. आत काय भरायचं? ग्लिसरीन! थंडीत ओठ फुटले की आपण लावतो तेच. त्या काळच्या खनिज तेलांपेक्षा ते दाट आणि मोटारमालकाला केमिस्टकडे सहज मिळणारं. कडक थंडीच्या मुलखात ते फारच घट्ट व्हायचं म्हणून त्यात थोडं अल्कोहोल मिसळत.

निगा राखायची ती एवढीच: अधूनमधून बूच उघडून ग्लिसरीनची पातळी पाहायची, कडीच्या दोन्ही टोकांच्या गोळ्यांना ग्रीस द्यायचं, ऋतू बदलला की सुई किंचित फिरवायची. कागदावर काही अवघड नाही. पण गाडीच्या पोटाखाली, चिखलाने माखलेल्या जागी, पाना घेऊन कोण घुसणार? इंजिनात तेल नसेल तर इंजिन ओरडतं. रेडिएटर कोरडा झाला तर वाफ येते. शॉकपमधलं ग्लिसरीन मात्र गुपचूप झिरपून जातं आणि गाडी रोज थोडी जास्त उसळते, इतकी थोडी की मालकाच्या लक्षातही येत नाही. माझं मत विचाराल तर यंत्र उत्तम होतं, पण त्याची सूचनापत्रिका ज्याच्यासाठी लिहिली होती तसा मालक जगात फार थोडा होता.

त्यातून ग्लिसरीनला एक वाईट खोड आहे. ते हवेतलं पाणी ओढून घेतं. दांड्याभोवतीचं पॅकिंग झिजलं की एकीकडून ग्लिसरीन गळणार, दुसरीकडून दमट हवा शिरणार. द्रव कमी झाला की हवेचे बुडबुडे होतात. बुडबुडा दबतो, द्रव दबत नाही, त्यामुळे हात थोडा मोकळा फिरतो आणि मग एकदम अडतो. पुढची पायरी गंजाची. पंख भिंतीला चिकटून बसले की शॉकप हलतच नाही, नुसती एक लोखंडी दांडी होऊन बसते. मग चाकाचा प्रत्येक धक्का थेट चौकटीत. कडी तुटते, हात वाकतो, बोल्ट सैल होतात. थोडक्यात, बिघडलेला शॉकप हा नसलेल्या शॉकपपेक्षा वाईट.

गावोगावच्या मालकांनी आणि लोहारांनी यावर जो तोडगा काढला तो फारच सोपा होता. कडी काढून फेकून दिली! शॉकपचं घर चौकटीला तसंच शोभेला आणि हात मोकळा. कमी वेगाला गाडी चालतेही, कारण पाट्यांचं आपसातलं घर्षण असतंच. पण फोर्डचे पाटे आडवे, गाडी हलकी. जरा वेग घेतला, वळणावर खड्डा आला, की ती झुलायला लागते. मूळ यंत्र ज्या कारणासाठी बसवलं होतं ते कारण कडी काढल्याने नाहीसं होत नाही.

आज जगभर जुन्या मॉडेल ए जपणारे हौशी लोक आहेत. त्यांच्यापुढे अजून तोच प्रश्न येतो. काही जण मूळ हुडाइल उघडून, गंज काढून, नवं पॅकिंग घालून पुन्हा चालते करतात. ते उघडणं म्हणजे दिव्यच, कारण झाकणाचे आटे जाम झालेले असतात आणि आतले अंतर केसाएवढे. काही जण बाहेरून तसेच दिसणारे नवे घेतात आणि काही सरळ आधुनिक नळकांड्याचे शॉकप ब्रॅकेट लावून बसवतात. परीक्षा मात्र सगळ्यांची एकच. कडी सोडवायची आणि हात हाताने वरखाली फिरवून पाहायचा. वर जाताना आणि खाली येताना पूर्ण टप्प्यात संथ, एकसारखा जोर लागला तर शॉकप ठीक. मध्येच मोकळा पट्टा लागला तर हवा शिरली आहे, द्रव भरून हात अनेकदा पूर्ण फिरवून ती बाहेर काढायची. हललाच नाही तर कडी परत जोडायची नाही.

फोर्डचा प्रतिस्पर्धी जनरल मोटर्स दुसऱ्या वाटेने गेला. त्यांचा ‘डेल्को-लव्हजॉय’ शॉकपही चौकटीला बसणारा आणि बाहेर हात असलेलाच, पण आत पंखांऐवजी नळीत सरकणारा दट्ट्या. गोल खोलीत फिरणाऱ्या पंखाच्या चारी कडा घट्ट बसवणं महाकठीण, सरळ नळीत गोल दट्ट्या बसवणं त्यामानाने सोपं. कडा कमी तितकी गळती कमी. १९३० च्या शेव्हरोलेटला असे चार शॉकप कंपनीकडूनच लावून येत. आपल्याशी त्याचा संबंध असा की जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला मोटारी जोडण्याचा कारखाना काढला होता आणि तिथून शेव्हरोलेट बाहेर पडत. फोर्डचीही हिंदुस्थानातली कंपनी १९२६ पासून होती. मुंबईच्या पावसाळी हवेत ग्लिसरीनचं काय होत असेल याची कल्पना, लोखंडी कपाटाला लागलेला गंज ज्याने पाहिला आहे, त्याला सहज यावी.

दट्ट्याचा आणि हाताचा हा प्रकार पुढे इंग्लंडमध्ये फार वर्षं टिकला. आर्मस्ट्राँग कंपनीचे असे शॉकप १९४८ मध्ये आलेल्या मॉरिस मायनरला होते. हीच मायनर आपल्याकडे ‘बेबी हिंदुस्थान’ म्हणून धावली. तिच्या पुढच्या चाकांना शॉकपचा हात हाच सस्पेन्शनचा वरचा दांडा. एका भागात दोन कामं, बचतच बचत. पण त्यामुळे कडी काढून फेकण्याची सोय उरली नाही, शॉकप काढला तर चाकच उभं राहणार नाही. मालकाला निगा टाळता येऊ नये असाच हेतू होता असं नाही, पण परिणाम तोच झाला. या शॉकपची निगा म्हणजे बुचाभोवतीची माती आधी नीट पुसायची (एक कण आत गेला तरी झडप उघडी राहते), मगच बूच काढायचं आणि कंपनीने सांगितलेलंच तेल घालायचं. इंजिनऑइल घालणारे महाभाग होतेच. एमजीबी या स्पोर्ट्स गाडीला हे हातवाले शॉकप थेट १९८० पर्यंत होते.

तोवर बाकी जग नळकांड्यावर आलं होतं. १९३० च्या दशकात अमेरिकेत मन्रोसारख्या कंपन्यांनी सरळ एक टोक चौकटीला, एक टोक ॲक्सलला असा नळीदार शॉकप रूढ केला. इथे साधेपणा खऱ्या अर्थाने आला. हात गेला, कडी गेली, फिरता दांडा गेला. आणखी एक मोठा फायदा सहसा कोणी सांगत नाही. हातवाल्या शॉकपमध्ये चाक चार इंच हललं तर आतला दट्ट्या जेमतेम अर्धा-पाऊण इंच सरकतो. तेवढ्या थोड्या हालचालीत सगळी ताकद जिरवायची म्हणजे आत प्रचंड दाब, आणि दाब आला की गळती आली. नळकांड्यात दट्ट्या चाकाबरोबर जवळजवळ पूर्ण टप्पा चालतो. दाब कमी, तेल पातळ चालतं आणि लांब नळी वाऱ्यात असल्याने थंडही राहते. एका नळीभोवती दुसरी नळी, मधल्या पोकळीत राखीव तेल. आणि बूच? बूच नाहीच. कारखान्यात तेल भरून तोंड कायमचं बंद.

म्हणजे वीस-तीस वर्षं मालकाला जे शिकवता आलं नाही, ते इंजिनिअरांनी शिकवणंच सोडून दिलं. निगा राखायचीच नाही, गेला की नवा घ्या. मला स्वतःला हा सौदा एकंदर फायद्याचा वाटतो. ज्या शॉकपकडे कोणी पाहत नाही, तो न पाहताच चालला पाहिजे. पण सौद्याची दुसरी बाजूही खात्यावर लिहायला हवी. पूर्वी दोन आण्यांचं पॅकिंग गेलं तर पॅकिंग बदलत, आता रुपयाचं रबर गेलं की हजारोंचा शॉकप भंगारात.

आपल्याकडच्या कारागिरांनी मात्र हे तोंड कायमचं बंद आहे असं कधी मानलं नाही. शहराशहरांत शॉकप दुरुस्त करणारी छोटी दुकानं आहेत, विशेषतः दुचाकींसाठी. बंद नळकांडं लेथवर कापायचं, जुनं काळं तेल ओतून टाकायचं, घासलेला दांडा पाहायचा, नवं ऑइलसील घालायचं, मापाने तेल भरायचं आणि पुन्हा वेल्डिंग करून द्यायचं. काम चांगलं असेल तर वर्ष-दोन वर्षं चालतं. दांड्यावरचं क्रोम उडालं असेल तर नवं सील आठवड्यातच फाटतं, हे मात्र प्रामाणिक कारागीर आधीच सांगतो. आपल्यापैकी कोणी असा दुरुस्त केलेला शॉकप घ्यायला गेलं तर तो गाडीला लावण्याआधी उभा धरून हाताने दाबून आणि ओढून पाहावा. ओढताना दाबण्यापेक्षा जास्त जोर लागला पाहिजे, आणि मध्ये कुठेही पोकळ लागता कामा नये.